जीपचा क्लच आठ महिन्यांत परत स्लिप मारायलाय, पुन्हा किट टाकायची का?

बालाघाटवाला:
राम राम मंडळी. लई दिवसांनी लिहायलो, पण आता डोकंच चालंना म्हणून विचारतो. माझ्याकडं महिंद्राची एमएम ५४० हाय, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, फोर बाय फोर. चुलत्यानं नांदेडच्या एका कंत्राटदाराकडून जुनी घेतलेली, चुलते गेल्यावर माझ्याकडं आली. गाव धारूर तालुक्यात, सीताफळाची बाग डोंगराच्या अंगाला, आन् पावसाळ्यात तिथपर्यंत दुसरी कुठली गाडी जातच नाही म्हणून ही ठेवलेली, नाहीतर घरचे कधीचे भंगारात घाला म्हणायलेत.

तर प्रॉब्लेम असा. संक्रांतीच्या आसपास क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवं टाकलं. म्हणजे आठ महिनेच झाले. परवा तेलगावला क्रेट उतरवून रिकामी गाडी घेऊन येत होतो, तर धारूर घाटात चौथ्या गिअरला ॲक्सिलेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलतंय आन् गाडी हाय त्याच स्पीडला. तिसरा टाकला की थोडी ओढ धरती, मग परत तेच. वर पोचेस्तोवर जळका वास. बायको म्हणली कुणाची चप्पल जळायली का.

मिस्तरी म्हणतोय प्लेट डुप्लिकेट निघाली, परत किट टाकू. आता सीझन तोंडावर आलाय, गाडी चार दिवस उभी राहिली तर फळं झाडावरच उकलतील. किट टाकून मोकळं व्हावं का आधी काही बघावं? क्लचला रॉड-लिव्हर हाय, हायड्रॉलिक नाही. आन् हो, ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा, त्यातलं ऑइल महिना-दीड महिन्याला कमी दिसतं, तेवढं मी टाकत असतो. त्याचा ह्याच्याशी संबंध नसंल, पण सांगून ठेवतो.

काळीमाती_परभणी:
भाऊ, किटच्या दुकानात जायच्या आधी खाली वाकून पेडल हातानं दाबून बघा. पायानं नाही, हातानं. सुरुवातीला साधारण एक इंच पेडल हलकं जायला पाहिजे, त्यानंतर जड लागायला पाहिजे. तो हलका भाग म्हणजे फ्री प्ले. तो जर शून्य असंल तर तुम्ही क्लच दाबलेला नसला तरी रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या बोटांवर, म्हणजे तिच्या छोट्या लिव्हरवर, टेकूनच राहतं, म्हणजे क्लच कायम थोडासा दाबलेलाच. मग प्लेट सोन्याची टाकली तरी जळणार.

लोकांना वाटतं प्लेट झिजली की प्ले वाढत असंल. उलट हाय. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडं (इंजिनच्या मागचं जड चाक) सरकते आन् तिची बोटं मागं बेअरिंगकडं येतात, म्हणजे प्ले कमी कमी होत जातो. नवी प्लेट टाकल्यावर हजार-दोन हजार किलोमीटरला एकदा ॲडजस्ट करावंच लागतं आन् ते कुणीच करत नाही.

आन् राग मानू नका, पण गाडी चालवताना डावा पाय पेडलवर ठेवायची सवय हाय का? आमच्या दाजींना होती. वर्षाला एक प्लेट.

माजलगावचा_राजा:
एवढं काय टेन्शन घेता. आमचे आजोबा जुन्या जीपवर होते, ते सांगायचे क्लच स्लिप मारायला लागला की बेल हाउसिंगच्या (क्लचचं लोखंडी घर) खिडकीतून विटकरीचा बारीक भुगा मूठभर टाकायचा, गाडी घरापर्यंत येती म्हणजे येतीच 😄

लेथवाला_लातूर:
राजा, आजोबांचा मान ठेवून सांगतो, त्यांच्या काळात पुढचं गाव चाळीस किलोमीटरवर होतं म्हणून ते करायचे. आज हे कुणी करू नका. तो भुगा बेअरिंगमध्ये जातो, गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या इनपुट शाफ्टच्या सीलमध्ये जातो, फ्लायव्हीलवर रेघा पाडतो. पाचशे रुपयाचं काम पाच हजारावर नेऊन ठेवतो.

बालाघाटवाले, आधी हे ठरवा की दुखणं क्लचचंच हाय का. टॅकोमीटर नसला तरी कान हाय ना. चढावर इंजिनचा आवाज बसत चालला, दमत चालला, तर ते डिझेल फिल्टर नाहीतर पंप-नोझलचं काम. आवाज चढत चालला आन् गाडी तिथंच, तर क्लच. तुम्ही बोंबलतंय म्हणलात म्हणजे बहुतेक क्लचच, पण खात्री करून घ्या.

फोर बाय फोरवाल्यांना अजून एक सोपी परीक्षा करता येती जी बाकीच्यांना करता येत नाही. क्लच पुढं, त्याच्यामागं गिअरबॉक्स, त्याच्यामागं ट्रान्स्फर केस. ट्रान्स्फर केसचा लो, म्हणजे हळू पण जोराचा गिअर, टाकला की चाकाला जवळपास अडीच पट जोर मिळतो, म्हणजे तोच चढ चढायला क्लचवर तेवढा भार कमी येतो. हाय मध्ये बोंबलणारी गाडी लो मध्ये त्याच चढावर निवांत चढली तर समजा क्लच कमी पडतोय. पण लो असो का हाय, मध्येच खट्ट करून न्यूट्रल झाल्यासारखं होत असंल तर ट्रान्स्फर केसचा गिअर निसटतोय, तिथं क्लचला हात लावून उपयोग नाही. पुढच्या चाकाला लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडायची-सोडायची टोपी) असतील तर तेबी बघा, अर्धवट लागलेला हब असंच फसवतो. आन् हे सगळं मातीच्या रस्त्यावर करा, कोरड्या डांबरीवर फोर बाय फोर लावून वळू नका, पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळत बसतात.

उभ्या गाडीची परीक्षा: सपाट जागा, चारी चाकांना धोंडे, समोर कुणी उभं नको. हँडब्रेक ओढा पण त्याच्या भरवशावर राहू नका, उजवा पाय ब्रेकवर ठेवा. चौथा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन गुदमरून बंद पडलं तर पकड हाय. पूर्ण सोडूनबी चालूच राहिलं तर पकड गेली. एकदाच करा हे. मजा वाटली म्हणून चार वेळा केलं तर उरलेली प्लेट तिथंच जाईल.

बालाघाटवाला:
केलं सगळं. दोघांचेबी आभार.

प्ले नव्हताच. पेडल हातानं दाबलं की पहिल्यापासूनच जड. रॉडचा नट सैल करून एक इंच प्ले दिला, मिस्तरीला न सांगता. दोन दिवस गाडी अशी पळाली की मला वाटलं झालं काम, तुम्हाला फोटो टाकणार होतो. तिसऱ्या दिवशी घाटात परत तेच, फक्त थोडं उशिरा, म्हणजे अर्धा घाट नीट आला आन् गाडी तापल्यावर सुरू झालं. लो मध्ये बागेच्या वाटेवर एकदम ठणठणीत, खट्ट वगैरे काही नाही. चौथ्यात क्लच सोडला तर इंजिन लगेच मेलं नाही, तीन-चार सेकंद कुरकुरून मग बंद पडलं. मधलंच काहीतरी हाय.

डाव्या पायाचं म्हणाल तर मला सवय नाही, पण सीझनला गाडी मेव्हणा चालवतो. त्याला विचारलं तर तो विषयच बदलायला लागला.

काळीमाती_परभणी:
मेव्हण्याचा विषय बदलला म्हणजे उत्तर मिळालं 😂 पण तापल्यावरच सुरू होतंय म्हणजे नुसता प्ले नाही, आत काहीतरी हाय.

गॅरेजवाल्याची_लेक:
नमस्कार. मी हिंगोलीची, पप्पांचं गॅरेज होतं, आता त्यांचे गुडघे चालत नाहीत म्हणून ते घरी बसून असतात आणि मी त्यांना असले प्रश्न वाचून दाखवते. तुमचा प्रश्न वाचला तर त्यांनी सगळं सोडून एकच वाक्य पकडलं, ट्रान्स्फर केसमधलं ऑइल कमी होतं ते. म्हणाले, ते ऑइल जातं कुठं ते त्याला विचार.

त्यांचं म्हणणं असं. या जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकाला एक चिकटून असतात, गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट मागं ट्रान्स्फर केसमध्ये गेलेला असतो. दोघांच्या मधलं सील गेलं की एकातलं ऑइल दुसऱ्यात जायला लागतं. तुम्हाला एका बाजूला कमी दिसतं म्हणून तुम्ही टाकता, ते पलीकडं जातं, तुम्ही परत टाकता. म्हणजे गिअरबॉक्स गळ्यापर्यंत भरत जातो आणि गरम झाल्यावर पुढच्या बाजूनं, इनपुट शाफ्टवरून, क्लचच्या घरात ऑइल फेकतो. तापल्यावर क्लच सुटतो हे त्याला जुळतंय.

करायचं एवढंच. रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा टाका, सकाळी कुठं थेंब पडले ते बघा. बेल हाउसिंगच्या खाली पडला असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. डिझेल इंजिनचं ऑइल काळं कुळकुळीत असतं आणि वास जळकट. गिअर ऑइलला गंधकाचा वास, सडक्या अंड्यासारखा, एकदा घेतला की विसरत नाही. काळं असेल तर क्रँकचं मागचं सील, वास मारत असेल तर गिअरबॉक्स. मग गाडी सपाट उभी करून गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग (ऑइलची पातळी बघायचा बोल्ट) खोला. आधी गाडी थंड होऊ द्या आणि खाली टब ठेवा, पप्पा म्हणतात त्याच्या तोंडावर येईल.

बालाघाटवाला:
ताई, तुमच्या पप्पांना माझा दंडवत सांगा.

मी गाडी कायम मातीत लावतो, काळ्या मातीत ऑइल पडलेलं दिसतं कुठं, सगळं पिऊन टाकती. पुठ्ठा टाकला तर सकाळी बेल हाउसिंगच्या बरोबर खाली बशीएवढा डाग. वास घेतला. बायकोलाबी दिला, ती दोन दिवस बोलली नाही.

आन् लेव्हल प्लग. मला वाटलं ताई गंमत करायल्यात. प्लग सुटला तशी धार लागली, टब ठेवला होता म्हणून बरं, जवळपास दीड लिटर निघालं ते थांबेना. आन् ट्रान्स्फर केसचा प्लग खोलून बोट घातलं तर बोटाला ऑइल लागलंच नाही. आठ महिने मी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत पाणी सोडायलो होतो.

आता मिस्तरीला हे कसं सांगू? तो म्हणतो प्लेट पेट्रोलनं धुऊन बसवतो, काम भागतंय.

लेथवाला_लातूर:
पेट्रोलनं धुतलेली ऑइलची प्लेट म्हणजे धुतलेलं तेलकट लोणचं. वरून कोरडी दिसती, तापली की आतलं परत वर येतं. लायनर, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, ऑइल पितो, ते बाहेर काढायचा उपाय नाही. प्लेट बदला, नाहीतर जुन्या प्लेटला नवे लायनर रिव्हेट करून घ्या. मेटल चांगलं असंल, मधल्या स्प्रिंगा ढिल्या नसतील आन् मधल्या भोकातले स्प्लाइनचे दात झिजले नसतील तर लायनर मारलेली प्लेट वाईट नाही, आम्ही ट्रॅक्टरला सर्रास वापरतो.

आता गिअरबॉक्स खाली येणारच हाय तर ह्या गोष्टी मिस्तरीच्या मागं उभं राहून करून घ्या.

गिअरबॉक्स आन् ट्रान्स्फर केस एकत्र खाली येतं, लई जड असतं, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट आधी सोडा (कुठला कुठं होता त्याला खुणा करा) आन् खाली जॅक पाहिजेच. बसवताना गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू द्यायचं नाही, नवी प्लेट तिथंच वाकती आन् मग क्लच सुटायचं नाव घेत नाही.

आतली धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते नाकात जाणं चांगलं नाही. ओल्या फडक्यानं पुसा.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसाएवढ्या भेगा दिसतील. डाग असले तर लेथवर हलका कट मारून निघतात. भेगा खोल असल्या तर फ्लायव्हील बदला, तिथं कंजूषी नको. फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग, नाहीतर बुश जे काय तुमच्या गाडीला असंल ते, आत्ताच बदला, किंमत चहापाण्याएवढी आन् त्याच्यासाठी परत गिअरबॉक्स उतरवायला लागतो.

इनपुट शाफ्टवर जो रिटेनर (झाकण) बसतो त्याच्याकडं बारीक बघा. काही गिअरबॉक्सला रिटेनरच्या खालच्या अंगाला ऑइल परत आत जायचं भोक असतं. गॅसकेट उलटी बसली किंवा कुणी सिलिकॉनचा लगदा चोपडला की ते भोक बुजतं आन् ऑइलला क्लचकडं जायलाच वाट राहती.

प्लेट घ्यायला जाताना जुनी प्लेट सोबत न्या. दुकानात "५४० ची द्या" असं म्हणू नका. ह्या गाड्यांची इंजिनं, गिअरबॉक्स गेल्या तीस वर्षांत कुणी काय काय बदललेलं असतं देव जाणे. व्यास मोजा, स्प्लाइनचे दात मोजा, दोन्ही जुळलं तरच पैसे द्या. प्लेट बरोबर मधोमध बसवायला जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर लेथवाल्याकडून बाभळीच्या लाकडाचा डमी करून घ्या, मी स्वतः कितीतरी करून दिलेत. प्लेटची गिअरबॉक्सची बाजू कुठली ते तिच्यावर लिहिलेलं असतं, नसलं तर स्प्रिंगांचा फुगीर भाग कुठं घासतो का ते हातानं लावून बघा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, एकच बाजू गच्च करून दुसरीकडं गेलात तर कव्हर वाकतं.

गॅरेजवाल्याची_लेक:
पप्पांनी अजून एक सांगितलंय, ब्रीदर. गिअरबॉक्स किंवा ट्रान्स्फर केसला हवा जायला छोटी टोपी किंवा नळी असते, आपल्याकडं ती चिखलानं हमखास बुजते. ऑइल तापलं की आतली हवा फुगते, वरून वाट नाही मिळाली तर सीलमधून ऑइल ढकलते. नवीन सील टाकून ब्रीदर तसाच ठेवला तर चार महिन्यांनी परत इथंच याल. आणि गरम गाडी नदीत घातली तर उलटं होतं, बॉक्स गार पडतो आणि सीलमधून पाणी ओढतो, ऑइल ताकासारखं दिसायला लागलं की समजायचं.

गिअर ऑइल भरताना गाडी सपाट, लेव्हल प्लगमधून बारीक धार यायला लागली की बस. वरून गिअर लिव्हरचं झाकण काढून अंदाजानं ओतू नका. सिंक्रो रिंग (गिअर सहज पडावा म्हणून असलेली) पितळी असते, त्यामुळं ९० नंबरचं जीएल-४ मिळालं तर तेच टाका.

माजलगावचा_राजा:
मी विटकरीचं मागं घेतो. ताईंच्या पप्पांचा क्लास लावायला पाहिजे.

बालाघाटवाला:
बारा दिवसांनी लिहायलो, सीताफळात अडकलो होतो.

गिअरबॉक्स खाली घेतला. मिस्तरी आधी फुगून बसला, मग आतलं बघितल्यावर स्वतःच बोलायला लागला. प्लेट पातळ झालेलीच नव्हती, रिव्हेट अजून बरेच आत होते, पण काळी, चकचकीत, हात लावला तर सडक्या अंड्याचा वास. म्हणजे प्लेट डुप्लिकेट नव्हती, बिचारी आंघोळ करत होती. क्रँकचं मागचं सील कोरडं ठाक. रिटेनरला लेथवाल्या दादांनी सांगितल्यासारखंच, संक्रांतीला गॅसकेटच्या जागी लाल सिलिकॉन चोपडलं होतं आन् खालचं भोक अर्धं बुजलेलं. मिस्तरी म्हणला हे मी केलंच नाही. मी म्हणलो जाऊ द्या, कुणीबी केलं असंल.

मधलं सील नवं, पुढचं सील नवं, कागदी गॅसकेट भोक जुळवून बसवली. ब्रीदरमध्ये एवढी माती निघाली की त्यात कोथिंबीर आली असती. फ्लायव्हीलवर दोन निळे डाग होते, अंबाजोगाईला कट मारून आणला. प्रेशर प्लेट ठीक होती, बोटांची उंची सारखी, तोंड साफ करून तीच बसवली. प्लेट नवी, जुनी सोबत नेऊन दात मोजून आणली, आन् दादा, दुकानदारानं खरंच आधी दुसरीच काढली होती, तिचा एक दात जास्त होता. जुन्या प्लेटला लायनर मारून घेतलेत, ती स्पेअर. मजुरी साडेतीन हजार आन् मिस्तरीचं जेवण.

काल तेलगावहून धारूर, मागं क्रेट रिकामे पण वर दोन पोती पेंड आन् सासरे. घाट चौथ्यात जमतो तेवढा चौथ्यात, एका वळणावर तिसरा. आवाज आन् गाडी एकत्र चढायल्यात. वास नाही.

एकच विचारायचं राहिलं. प्ले आता एक इंच ठेवलाय, परत कधी बघू?

काळीमाती_परभणी:
पाचशे किलोमीटरला एकदा, मग हजाराला. आन् मेव्हण्याला दुसरी गाडी घेऊन द्या.

गॅरेजवाल्याची_लेक:
पप्पा विचारतात, महिन्याभरानं दोन्ही लेव्हल परत बघणार ना? एकात वाढलं आणि दुसऱ्यात घटलं तर मधलं सील नीट बसलेलं नाही. आणि पुठ्ठा काढला का?

बालाघाटवाला:
बघतो ताई, कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय. पुठ्ठा तिथंच हाय. बेल हाउसिंगखाली काही नाही, पुढं संपच्या (इंजिनच्या ऑइलच्या टाकीच्या) खाली एक थेंब असतो, तो काळा, इंजिनचा. त्याला आता नांदू दे म्हणलं. सकाळी त्या पुठ्ठ्यावर मांजर झोपलेलं असतं.